फेदरस्टन हाउसचा दीनानाथ

सेंगकांग, सिंगापूर
४ फेब्रुवारी २०२४

उर्मिलाताई,

नमस्कार घे आणि हातातला चहा आधी खाली ठेव. सांडलास तर शिरीषभावजी मला बोलतील.

बँकेनं मला 'मोकळं' केल्यापासून दर शनिवार-रविवार मी सेम्बावांगच्या फेदरस्टन हाउसमध्ये विनामूल्य गाइडचं काम करतो, हे मी तुला फोनवर सांगितलं होतं. तू तेव्हा टीव्ही बघत होतीस, म्हणून पुन्हा सांगतो. फेदरस्टन म्हणजे रबराच्या मळ्याचे इंग्रज मालक. त्यांच्या तीन पिढ्या त्या काळ्या-पांढऱ्या बंगल्यात राहिल्या. बेचाळीस साली जपानी आले तसे ते जहाजात बसून गेले, ते परत आलेच नाहीत. पाच वर्षांपूर्वी घराचं म्युझियम झालं. पियानो आहे, मच्छरदाणीचा पलंग आहे, भिंतीवर वाघाचं कातडं आहे. (बिबट्याचं. पाटी चुकीची होती, मी बदलून घेतली.)

बाकीचे गाइड कसे, तर एक निवृत्त प्रोफेसर, दोन आर्किटेक्ट, एक इतिहासाची एम.ए. मी बी.कॉम. मला जे काही येतं ते वाचनालयात बसून आणि लोकांच्या चुका काढून आलेलं आहे.

तर मागच्या व्हरांड्यात मिस्टर फेदरस्टनचे गुडघाभर बूट मांडलेले आहेत. त्यांच्या शेजारी एक वस्तू. खाली पाटी : 'बूट स्क्रेपर, अंदाजे १९३०. मळ्यातून आल्यावर बुटांचा चिखल खरवडण्यासाठी.'

ताई, ती विळी आहे! पाट, पातं, टोकाला नारळ खवायची खवणी, सगळं शाबूत! पाच वर्षं जगभरचे लोक तिच्यापुढे उभे राहून माना डोलावतायत.

घरी येऊन निहारिकाला सांगितलं तर इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, इट्स अ कोकोनट ग्रेटर, लाह. जस्ट टेल देम." जस्ट! मी अकरा पानी टिपण दिलं. आमच्या म्युझियमच्या प्रमुख मिस क्वेक यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

आता मुद्द्याचं. ही विळी दुरुस्तीच्या वेळी सापडली ती मागच्या नोकरांच्या खोल्यांत. ज्या खोलीच्या उंबऱ्यावर 'F' कोरलंय, तिथे फडताळाच्या मागे. याचा अर्थ उघड आहे. फेदरस्टनांचा स्वयंपाकी मराठी होता! त्याचं नाव कुठेही नोंदलेलं नाही, म्हणून मी त्याला दीनानाथ म्हणतो. केवळ सोयीसाठी.

पंचवीस मेला मागच्या स्वयंपाकघराचं नवं दालन उघडतंय. तिथे पाटी लागेल आणि पाटीखाली : 'संशोधन : पद्मनाभ सबनीस'. पुढे-मागे एकही पदवी नाही. बावन्न वर्षांत माझं नाव लागलं ते फक्त टपालाच्या पेटीवर. सविता म्हणते मी झोपेत हसतो. मला ते खरं वाटत नाही.

फोटो जोडला आहे. मोठा करून बघ.

तुझा
पद्मनाभ

*

पुणे
७ फेब्रुवारी

पद्मनाभ,

चहा सांडला. गालिच्यावर.

धन्य तुझी, आणि धन्य त्या बुटांची. फोटो मोठा करून बघितला, शिरीषलाही दाखवला. तो काहीतरी बोलणार होता, पण त्याच्या तोंडात चकली होती.

एक सुचवू? तू अजून नुसती विळी बघितली आहेस. विळीवर बसणारं माणूस कुठे बघितलंस? वस्तू आपल्या धन्याची चुगली करते रे. तुझ्यासारख्या बारकाव्यानं बघणाऱ्याला तर ती सगळंच सांगेल. दीनानाथ कसा होता ते मला कळव. माझं मन सांगतं, भारी सुगरण असणार.

ताई

*

पुणे
७ फेब्रुवारी

सविता,

हे तुला वेगळं लिहितेय. वाच आणि पुसून टाक.

ती विळी माझी आहे.

अगं, सिंगापूरला आम्ही आधी चार महिने बिशानला काढले आणि मग शिरीषच्या बँकेनं सेम्बावांगला एक जुनाट बंगला भाड्यानं घेऊन दिला. शहाण्णव ते नव्व्याण्णव आम्ही तिथे राहिलो. तेव्हा त्याला फेदरस्टन-बिदरस्टन काही नाव नव्हतं, नुसता नंबर होता. पद्म्या तेव्हा नागपूरला, त्याची पत्रं यायची बँकेच्या पत्त्यावर, आणि त्याच्या डोक्यात आमचं घर म्हणजे बिशान ते बिशानच. त्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात उभ्याचा ओटा, म्हणून मी मागच्या खोलीतल्या गार फरशीवर विळी घेऊन बसायची. उंबऱ्यावरच्या त्या 'F'ला आमचा छोटा सुयश तीनदा ठेचकाळलाय. निघताना सामान बांधणाऱ्यांनी ती खोली उघडलीच नाही आणि माझ्या लक्षात आलं ते विमानात.

मी त्याला दीनानाथचा शोध घ्यायला लावलंय. थोडी गंमत करते आणि मग सांगते. चालेल ना?

उर्मिला

*

सेंगकांग
९ फेब्रुवारी

ताई,

पुसलं.

हसून हसून पोट दुखलं आणि मग रडूही आलं. तुम्हाला म्हणून सांगते. नोकरी गेल्यापासून हे सकाळी उठून टाय बांधायचे आणि वाचनालयात जाऊन बसायचे. आता टाय म्युझियमसाठी बांधतात. काल मला विचारत होते, पाटीवर नाव 'पद्मनाभ सबनीस' असं पूर्ण बरं दिसेल की 'प. सबनीस'.

एवढ्यात नका सांगू. दीनानाथनं कुणाचं काय बिघडवलंय?

सविता

*

सेंगकांग
१० मार्च

ताई,

तुझा सल्ला लाखमोलाचा निघाला. मिस क्वेकच्या परवानगीनं, पांढरे हातमोजे घालून, भिंगाखाली विळी तपासली. दीनानाथ माझ्यापुढे येऊन उभा राहिला आहे.

पाटावरचं पॉलिश जिथे उडालंय तिथे पावलाचा आकार स्पष्ट दिसतो. पाऊल लहान, रुंद, अंगठा फटकून बाहेर गेलेला. त्यावरून उंची पाच फूट एक, फार तर दोन. खवणीचे दात एकाच बाजूनं जास्त झिजलेत. मी एकेका हातानं नारळ धरून बघितला. दीनानाथ डावखुरा होता. हे प्रोफेसरांच्याही लक्षात आलं नव्हतं.

आता स्वभाव. पात्याला धार म्हणून नाही. वर्षानुवर्षं लावलेली नाही. म्हणजे आळशी. पात्याच्या मधोमध एक खाच आहे, ती नारळ फोडताना पडलेली. विळीच्या पात्यावर नारळ कोण फोडतं, ताई? म्हणजे उतावळा. पाटाच्या कडेला गोल जळका डाग आहे. गरम पातेलं थेट विळीवर ठेवलेलं दिसतं. वेंधळा.

पाटाला एक स्क्रू फुलीच्या खाचेचा आहे, बाकीचे साधे. नंतर कुणीतरी केलेली दुरुस्ती. तिरका बसवलाय. ज्यानं बसवला त्यानं आयुष्यात पुन्हा हत्यार हातात घेऊ नये. खाली एक रबराची पट्टी डकवली आहे, घसरू नये म्हणून. हे रबर नक्कीच फेदरस्टनांच्या मळ्यातलं. टिपणात त्यावर मी स्वतंत्र पान लिहिलंय.

निष्कर्ष लिहिताना वाईट वाटतं, पण सत्य ते सत्य. दीनानाथ सुगरण नव्हता. जुन्या फोटोंत फेदरस्टन मंडळी सगळी सडसडीत दिसतात. त्याचं कारण आता कळलं.

पद्मनाभ

*

पुणे
१३ मार्च

पद्मनाभ,

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. शिरीषनंही वाचलं. स्क्रूचा भाग त्यानं मोठ्यानं वाचला आणि आता तो माझ्याशी नीट बोलत नाहीये.

एक सांगते. विळीला धार नाही म्हणजे माणूस आळशी, हे तुला कुणी शिकवलं? परक्या मुलखात धार लावणारा कुठून आणायचा? तिथे दाराशी सायकल घेऊन येतो का कुणी? आणि गरम पातेलं विळीवर ठेवलं असेल, कारण दुसऱ्या हातात दुसरं पातेलं असेल, पायाशी रांगतं पोर असेल आणि बाहेर साहेबानं न सांगता आणलेले सहा पाहुणे बसले असतील! वेंधळा म्हणे! त्या परिस्थितीत वालाचं बिरडं आणि ओल्या नारळाच्या करंज्या करून दाखव म्हणावं कुणी.

आणि उंची पाच फूट तीन. असावी.

ताई

*

सेंगकांग
१४ एप्रिल

ताई,

दीनानाथवरची तुझी माया पाहून भरून आलं. पण माया म्हणजे पुरावा नव्हे. उंची दोनच. रांगतं पोर तर कुठेच दिसत नाही. एकटा जीव होता तो.

बरं, इकडे मोठी घटना घडली. पाडव्याच्या जेवणाला आपली सगळी मंडळी जमली होती, तिथे मी दीनानाथवर वीस मिनिटं बोललो. शेवटी मागच्या टेबलावरून प्रताप गुप्ते उठला. मोठा बँकर आहे, आता इथला नागरिक. डोळे पाणावलेले. म्हणाला, "माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ जहाजानं मलायाला गेले ते परत आले नाहीत. त्यांचं नाव दीनानाथ!"

मी म्हटलं, अहो गुप्ते, नाव मी सोयीसाठी ठेवलंय. तर म्हणतो, "हाच तर योग, सबनीस! तुमच्या तोंडून त्यांनीच वदवलं."

मी मिस क्वेकना लेखी कळवलं की गुप्त्यांच्या म्हणण्याला आधार नाही. त्या म्हणाल्या, बट इट्स सच अ लव्हली स्टोरी. आता दीनानाथना आडनाव मिळालंय. एका चित्रकाराकडून तसबीर काढून घेतली आहे, नाक प्रतापचं आहे. पंचवीस मेला तसबिरीला हार घालायचा आणि नंतर प्रतापतर्फे सगळ्यांना जेवण, 'दीनानाथ थाळी'. मला थोडं कसंतरी होतंय. पण पाटीचा नमुना आला आणि ते कसंतरी होणं मी बाजूला ठेवलं. मजकूर असा :

'दीनानाथ गुप्ते. कोकणातून आलेला फेदरस्टन कुटुंबाचा स्वयंपाकी. डावखुरा. स्वभावानं उतावळा. पाककौशल्य बेताचं.'

शेवटची दोन वाक्यं प्रतापला नको होती. मी अडून बसलो. पुराव्यापुढे नातेवाईक चालत नाहीत.

खाली माझं नाव आहे. पूर्ण.

पद्मनाभ

*

पुणे
१५ एप्रिल

पद्मनाभ,

पाककौशल्य बेताचं?

ती विळी माझी आहे. आईनं लग्नात दिलेली, चौऱ्याऐंशी साली. शहाण्णवपासून तीन वर्षं तुझ्या त्या फेदरस्टन हाउसमध्ये आम्ही भाड्यानं राहिलो, आणि त्या 'F'वाल्या खोलीत बसून मी जे नारळ खवले त्यांच्या करंज्या शिरीषचे इंग्रज साहेब रुमालात बांधून घरी न्यायचे. डावखुरी मी आहे. लहानपणी तुझ्या कानाखाली कुठल्या हाताची बसायची ते आठवून बघ. खाच पडली ती सुयशमुळे. तिरका स्क्रू शिरीषचा.

कोकणातला दीनानाथ कुणी नव्हता. होती ती मी. आणि मी पाच फूट तीनच आहे.

उर्मिला

*

सेंगकांग
१७ एप्रिल

ताई,

पत्र पोचलं.

तुझ्या म्हणण्याची मी नोंद घेतली आहे. पण नुसत्या म्हणण्यावर मी प्रतापचं ऐकलं नाही, तसं तुझंही ऐकता येणार नाही. नातं जवळचं असलं की उलट जास्त जपावं लागतं. डावखुरी माणसं जगात पुष्कळ आहेत. स्क्रूविषयी मीच तुला लिहिलं होतं, तो पुरावा धरता येणार नाही.

मी तुला न सांगितलेली अशी एक तरी गोष्ट सांग, जी विळी उघडल्याशिवाय कळणार नाही.

पद्मनाभ

*

पुणे
१७ एप्रिल

अरे गाढवा,

ती रबराची पट्टी उचकट. ती माझ्या बाथरूमच्या निळ्या चपलेच्या तळव्यातून कापलेली आहे. आतल्या बाजूला चपलेच्या नक्षीच्या लाटा असतील आणि मधे नऊचा आकडा उलटा.

आता बोलून मोकळी झाले आणि वाईट वाटतंय. सवितानं मला गप्प बसायला सांगितलं होतं, मी बसलेही असते. पण तू करंज्यांपर्यंत गेलास. ऐक, पद्मा. मी आता कुणाला काही सांगणार नाही. शिरीषही नाही. लागू दे पाटी. नाव तुझं आहे, आणि बघितलंस ते सगळं बरोबरच बघितलंस की. माणूस तेवढं चुकलं.

तुझी ताई

*

सेंगकांग
२८ एप्रिल

ताई,

पट्टी उचकटली. लाटा आहेत. नऊ आहे. मी 'फेदरस्टनांच्या मळ्यातलं रबर' म्हणून ज्यावर एक पान लिहिलं ती तुझी चप्पल आहे.

दोन दिवस ते पान पुन्हा पुन्हा वाचत बसलो. सविता म्हणाली, "अहो, राहू दे ना, कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं, मला कळलंय ना. बिबट्याला वाघ म्हणाले तर मी पाटी बदलायला लावतो, आणि तुला दीनानाथ म्हणून सोडून देऊ? मग माझ्यात आणि त्या बूट स्क्रेपरवाल्यात फरक काय राहिला?

मिस क्वेकना सगळं सांगितलं. त्यांनी समिती बोलावली. मला वाटलं, मला रागावतील. तसं झालं असतं तर बरं. ताई, त्यांना दीनानाथ सोडवेना! आमंत्रणं गेलीत, तसबीर टांगलीय, शाळेच्या मुलांनी त्याच्यावर निबंध लिहिलेत. प्रोफेसर म्हणाले, असा माणूस असू शकला असता, तेवढं पुरेसं आहे. प्रताप तर माझ्यावरच उखडला. "विळी तुमच्या ताईंची निघाली म्हणून माझे पणजोबा खोटे?"

मी म्हटलं, मग माझं नाव काढा. मला वाटलं होतं यावर ते थबकतील. त्यांनी काढलं.

आता पाटी लागणार आहे आणि तिच्यावर दीनानाथ आहे, मी नाही. मीच घडवलेला माणूस मला बाहेर काढून त्या घरात राहायला गेलाय.

नाव जाऊ दे. पण त्या पाटीवर खोटं राहता कामा नये. कागदावर तुझं म्हणणं दिलं तर ते 'एका नातेवाइकाचं मत' म्हणून फायलीत लावतील. ते मी ओळखून आहे, मीच तसं करतो. म्हणून तू ये. तिकीट मी काढतो. येताना काही आणू नकोस, पाऊल आण.

पद्मनाभ

*

सेंगकांग
२६ मे

शिरीष,

पोचल्याचं कळवलं, त्यानंतर वेळच झाला नाही. गुडघ्याला मलम लावून बसलेय आणि तुला लिहितेय. काय घडलं ते नीट ऐक.

काल आपण आपल्याच घरात पाहुणे म्हणून गेलो, म्हणजे मी गेले. तिकिटाची रांग आपल्या मोटारीच्या शेडमध्ये असते. आपल्या झोपायच्या खोलीत दोरी बांधली आहे आणि आत जायचं नाही. ज्या कोपऱ्यात पावसात बादली ठेवायचो तिथे आता मिसेस फेदरस्टनचं ड्रेसिंग टेबल आहे. वर बघितलं, डाग तसाच आहे.

मागच्या स्वयंपाकघरात पन्नासेक माणसं. तसबिरीत दीनानाथ, खाली प्रताप, दोघांची नाकं सारखी. प्रताप हार घेऊन पुढे झाला तेवढ्यात आपला पद्मनाभ टाय सरळ करत उभा राहिला. शब्द एक चुकला नाही रे. म्हणाला, "हार घालण्यापूर्वी एक लहानशी पडताळणी. माझं नाव पाटीवर नाही, त्यामुळे यात माझा स्वार्थ नाही." प्रोफेसर काही बोलणार होते, पण मिस क्वेकनी स्वतःच काचेची पेटी उघडली आणि विळी जमिनीवर ठेवली. मला वाटतं ती बाई केव्हापासून कुणीतरी विचारायचीच वाट बघत होती.

मी चपला काढल्या. बसले. वयोमानानं दोन कण्हणी निघाली. पाऊल पाटावर टेकवलं आणि शिरीष, ते जाऊन बसलं ना! अंगठ्यासकट! पद्मनाभनं गुडघ्यावर बसून भिंगातून बघितलं. मग त्यानं नारळाची वाटी माझ्या हातात दिली. मी डाव्या हातानं खवायला लागले. आपल्या बायकांतून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, किती बारीक पडतोय!" मी पद्मनाभकडे बघितलं. त्यानं मान फिरवली.

मिस क्वेकनी विचारलं, तुम्ही इथे राहत होतात? मी म्हटलं, तीन वर्षं. म्हणाल्या, बेचाळीसनंतर या घरात कोण राहिलं ते आम्ही कुणाला कधी विचारलंच नाही. मी म्हटलं, बाई, इतिहास काय त्यांच्या ट्रंकांत बसून गेला? मराठीतच बोलले. पद्मनाभनं इंग्रजी केलं, जरा सौम्य करून.

आता खरी मजा प्रतापची. हार हातात, पणजोबा गायब. क्षणभर चेहरा पडला, मग उजळला. सरळ येऊन माझ्या पाया पडला. "म्हणजे आमच्या घराण्याची विळी तुमच्याकडे होती!" मी म्हटलं, उठा, पणतू. तो हार माझ्या गळ्यात घालायला निघाला. मी ओरडलेच. "तसबिरीसाठी आणलेला हार जित्या माणसाला घालता?" शेवटी तो थोरल्या फेदरस्टनसाहेबांच्या फोटोला घातला. शंभर वर्षांत त्यांना कुणी झेंडूचा हार घातला नसेल. चांगला दिसत होता.

जेवण मस्त होतं. थाळीचं नाव तेवढं बदलायचं राहिलं.

जाता जाता एक. दिवाणखान्यात वेताची आरामखुर्ची आहे, 'मिस्टर फेदरस्टन यांची आवडती'. पद्मनाभ तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ बोलतो. ती तू दारावर आलेल्या भंगारवाल्याकडून घेतलेली. मी बघितली, हात फिरवला, आणि गप्प बसले. त्याला जरा सावरू दे.

उर्मिला

*

सेंगकांग
१६ जून

ताई,

नवी पाटी काल लागली. दीनानाथ उतरला. तसबीर प्रताप घरी घेऊन गेला, दिवाणखान्यात लावली आहे म्हणे. लोकांना पणजोबा म्हणून सांगतो. ते त्याच्या घरात, माझ्या अखत्यारीबाहेर.

मिस क्वेकनी मला बोलावून विचारलं की बेचाळीसनंतर त्या घरात राहिलेल्या सगळ्या भाडेकरूंना शोधून काढाल का. मी म्हटलं, माझ्याकडे पदवी नाही. त्या म्हणाल्या, मिस्टर सबनीस, स्वतःचं नाव पाटीवरून काढायला लावणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. टेबल-खुर्ची मिळाली आहे. मागच्या खोलीत, 'F'च्या आत. सोमवारपासून सहा भाडेकरू सापडले. एक स्कॉटलंडला असतो, ब्याण्णव वर्षांचा आहे, आणि छप्पर गळायचं म्हणून अजून चिडलेला आहे.

मसुदा बदलला, तरी पाटी तुला हवी तशी नाही, हे आधीच सांगतो. मजकूर असा :

'विळी. उर्मिला यांची, १९८४. त्या १९९६ ते १९९९ या घरात राहत होत्या. डावखुऱ्या. उंची पाच फूट तीन. स्वभावानं उतावळ्या.' त्याखाली बारीक अक्षरात : 'ओळख पटवली : पद्मनाभ सबनीस'. अक्षरं मोजपट्टीनं मोजली. आणखी थोडी मोठी चालली असती.

उंची मी स्वतः मोजली म्हणून बदलली. करंज्यांविषयी शिरीषभावजींच्या एखाद्या इंग्रज साहेबाचं पत्र मिळालं की 'पाककौशल्य'ही बघू. तोवर ते वाक्य गाळलं आहे. 'उतावळ्या' मात्र राहील. मसुदा बघून तू परवापासून चार फोन केलेस, दोन ई-मेल आणि सविताकडून तीन निरोप पाठवलेस, त्यानंही ते सिद्धच झालंय.

लोक पाटी वाचतात आणि विचारतात, या बाई आहेत का अजून? मी सांगतो, आहेत, पुण्याला असतात, आणि या पाटीवर त्यांचा आक्षेप आहे. लोकांना ते फार आवडतं.

मिस क्वेक काल म्हणाल्या, तुम्हाला दीनानाथची आठवण येते का? मी खरं ते सांगितलं. तुझ्या फोनच्या दिवशी येते. तो बिचारा उलट उत्तर देत नसे.

तुझा
पद्मनाभ